वरून सांबार घातलं

आधीच सांगून ठेवते, मी रागीट आहे. राजापेठेत माझ्या गणिताच्या शिकवणीला येणाऱ्या पोरांना विचारा, ती जिन्यावरच चपलांचा आवाज बंद करतात. लिहिताना मी शाळेतली मराठी लिहिते, पण राग आला की वऱ्हाडी आपोआप तोंडात येते, आणि ही गोष्ट रागाचीच आहे. म्हणजे मधल्या भागापुरती रागाची. शेवट आठवला की मात्र आजही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं, म्हणून तर सांगायला बसले.

आमचा एक वाचणाऱ्यांचा गट आहे, नाव 'बारा गावचं पाणी'. वर्षात बारा मराठी कादंबऱ्या वाचायच्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मूर्तिजापूरला चंद्रभानभाऊंच्या घरी जमून मत सांगायचं. मूर्तिजापूर कशासाठी, तर ते अमरावती आणि अकोल्याच्या मधात पडतं, आणि चंद्रभानभाऊ रेल्वेतून रिटायर होऊन तिथंच राहिले, छोट्या गाडीच्या जुन्या स्टेशनाजवळ. पण खरं कारण त्यांची बायको, पार्बताबाई. त्यांच्या हातची सांबारवडी ज्यानं खाल्ली नाही त्याच्या जिभेला मी जीभ म्हणत नाही.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागेल. हिवाळ्यात तर सांबार इतका येतो की भाजीवाली जुडी फुकटच टाकते पिशवीत. तो निवडायचा, बारीक चिरायचा, त्यात खोबरं, खसखस, तिखट घालायचं, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचं. झाली वडी. गटाचा रिवाज असा, की ज्याच्या बारा कादंबऱ्या पुऱ्या झाल्या त्यानं पहिली वडी फोडायची. तोवर कितीही वास सुटो, बाकीच्यांनी ताटाला हात लावायचा नाही. खोटं बोलून वडी फोडणं म्हणजे लग्नात नवरदेवाच्या जागी जाऊन बसणं, असं चंद्रभानभाऊ म्हणतात.

हा मान बरीच वर्षं नितेशकडे होता. नितेश माझ्या कॉलेजातला. शेंदूरजनाघाटला त्याचा संत्र्याचा व्यापार आहे. मनाचा चांगला, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. एका साली मी माझ्या मैत्रिणीला, उज्माला, पाहुणी म्हणून सोबत नेलं होतं. उज्मा अकोल्याची, तिथल्या उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही अमरावतीला बी.एड. करताना एका खोलीत राहत होतो. वऱ्हाडी ती माझ्याहून फर्मास बोलते, पण शिकली उर्दू माध्यमात. मराठी वाचन म्हणजे एसटीची पाटी आणि औषधाची चिठ्ठी, एवढंच. तर त्या दिवशी तिनं वडी उचलली आणि नितेश म्हणाला, "उज्मा, तू वड्या खायले येत जाय. वाचाचं टेन्शन आमाले राहू दे."

त्यानं मस्करीतच म्हटलं होतं. पण उज्मानं वडी परत ताटात ठेवली. म्हणाली, "पुढच्या साली पह्यली वडी मी फोडन. लक्षात ठेव."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं घरी जाऊन अब्बांना सांगितलं. रहमतुल्ला चाचा सुतार आहेत आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. कोणी चौकटीचं माप द्यायला येवो की खाटेचा पाय बसवायला, चाचा रंधा थांबवून सांगायचे, "मेरी उज्मा मराठी के बारा नॉवेल पढ़ रही है, मालूम है क्या?" होळीपर्यंत अर्ध्या अकोल्याला खबर लागली. किराणा दुकानदार तिला सामान बांधताना विचारायचा, मॅडम, कितवी चालू आहे. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती. तिच्या बारा पुऱ्या झाल्या नसत्या, तर मान तिची एकटीची खाली गेली नसती, बापाचीही गेली असती.

तिनं कसं वाचलं ते मी पाहिलं आहे. गच्चीवर बसून, मोठ्यानं, जोडाक्षरावर बोट ठेवून. पहिली कादंबरी संपता संपेना. मला फोन यायचे. "प्रणाली, कृतकृत्य म्हणजे काय?" मी म्हणायची, पोटभर जेवल्यावर वाटतं तसं. "मंग तसं काहून नाही लिवत?" आता याला मी काय उत्तर देणार. पण उन्हाळा संपता संपता फोन कमी झाले, आणि गटावर तिच्या आवाजातले निरोप यायला लागले. एकेक निरोप कादंबरीएवढा.

आणि मतं तरी कशी! एक कादंबरी होती दीपगृहाच्या राखणदारावर. मी लिहिलं, भाषा सुंदर आहे. नितेशनं लिहिलं, थोडी लांबली आहे. उज्मा म्हणाली, "या मानसाले पुऱ्या पुस्तकात एकही जन 'जेवला का' म्हनून इचारत नाही. मंग त्याले उदास नाही वाटन तं काय वाटन?" चंद्रभानभाऊ त्यावर म्हणाले की हे आपल्याला कोणाला सुचलं नाही. दुसरी एक घराण्याच्या भांडणाची जाडजूड कादंबरी होती, ती वाचून तिनं सांगितलं, "यायची वाटनी माह्या अब्बानं एका दुपारात करून देल्ली असती, पन मंग पुस्तक झालं नसतं." मी तो निरोप शिकवणीच्या पोरांना ऐकवला. माझी मैत्रीण आहे, असं सांगून ऐकवला.

रिवाजाप्रमाणे बारावी कादंबरी सगळ्यांची एकच असते, आणि ती मागच्या साली वडी फोडणारा निवडतो. नितेशनं निवडली 'तिसऱ्या मजल्यावरचं ऊन'. तिची त्या वर्षी मोबाइलवर भलती हवा होती, जो तो तिच्यावर व्हिडिओ करत होता. गोष्ट साधी आहे. पुण्यातला एक फ्लॅट, त्यात मृणाल नावाची सून, तिचा अबोल नवरा अनिरुद्ध आणि टोमणे मारणारी सासू. वर्षानुवर्षं ती सोसते, आणि शेवटच्या पानावर नवऱ्याला जेवायला वाढून घर सोडून जाते. ती नेमकी त्याच दिवशी का जाते, हे लेखिकेनं सांगितलेलं नाही. व्हिडिओवाल्यांची सगळी झोंबाझोंबी त्यावरच.

डिसेंबरचा रविवार आला. मी आणि नितेश अमरावतीहून गेलो, उज्मा अकोल्याहून, आणि सोबत चाचा. इस्त्रीचा कुर्ता, कानात अत्तराचा फाया आणि हातात हत्यारांची पिशवी. मी म्हटलं, चाचा, हे कशाला? तर म्हणे, मले रिकामं बसता येत नाही. लोक नव्या घरात गेले की भिंतीवरचे फोटो पाहतात, चाचा दारं पाहतात. चंद्रभानभाऊंच्या आतल्या खोलीतल्या कपाटाचं दार लागत नव्हतं, ते त्यांच्या डोळ्यात भरलं आणि ते तिकडेच बसले. पण खोलीचं दार उघडं ठेवून. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण ऐकू सगळं येतं.

पार्बताबाई स्वयंपाकघरात वड्या तळत होत्या. आम्ही बाहेर गोल करून बसलो.

चंद्रभानभाऊ आधी बोलले. "माह्या दहा झाल्या. मोतीबिंदूत दोन मईने गेले. खोटं बोलून वडी नाही खानार." मग मी. माझ्या अकरा, कारण एक मी अर्धी सोडली. तिचा नायक दोनशे पानं खिडकीत बसून राहतो, मी त्याच्याआधी उठले. चंद्रभानभाऊंना नेमकी तीच आवडली होती, त्यावरून आमचं थोडं वाजलं. ते म्हणाले, प्रणाली, तुले धीर नाही. मी म्हटलं, धीर आहे, पण तो मी दहावीच्या पोरांवर खर्च करते.

मग नितेश. "बाराच्या बारा," त्यानं छाती काढून सांगितलं, आणि बारावीवर बोलायला लागला. शहरी एकटेपणा, मौनाची भाषा, खुला शेवट. मी बघतच राहिले. नितेश संत्र्याच्या बहारावर बोलतो तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं, त्या दिवशी मात्र टीव्ही लावल्यासारखं वाटत होतं.

मग उज्मा. आतला स्क्रू पिळायचा आवाज हळू झाला.

"माह्या बारा झाल्या," ती म्हणाली. "बारावीवरच बोलतो मी. मले हे पुस्तक वाचून राग आला. अनिरुद्धाचा त आलाच, पन त्याच्या मायचा जास्त. अवो, कसं घर हाये ते? नवी सून पह्यल्यांदा सैपाकघरात जाते, अन् सासू काय म्हनते? 'आमच्याकडे सांबार रोज लागत नाही.' सांबार! जो भाजीवाली फुकट देते! तिसरा मजला हाये, लिफ्ट हाये, बाल्कनीत झोपाळा हाये, अन् सांबाराले मोताद. मंग ते पोट्टी रोज बिना सांबाराचं जेवते अन् माहेरच्या सैपाकाचा वास आठवत राह्यते. मी त वाचता वाचता म्हटलं, बाई, मी आनून देतो तुले जुडी."

चंद्रभानभाऊ हसले. ती हसली नाही.

"आता लोकं म्हनतात शेवट समजत नाही. काहून नाही समजत? शेवटच्या पानावर ते नवऱ्याले भात वाढते अन् वरून सांबार घालते. इतक्या सालात पह्यल्यांदा, कोनाले न इचारता. मंग हात धुते अन् दार ओढून घेते. आता सांगा, आपन सांबार कधी घालतो? समदं शिजून झाल्यावर. गॅस बंद केल्यावर. वरून सांबार पडला म्हनजे सैपाक संपला. ते त्याले तोंडानं काई सांगत नाही, पन तेच सांगून राहिली. संपलं म्हनून."

पार्बताबाई झारा हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "बरोबर बोलली पोट्टी," त्या म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

मी मात्र मनातल्या मनात कपाळाला हात लावला. कारण मी ते पुस्तक वाचलं होतं. सासूच्या त्या वाक्यावर मीही अडखळले होते, मलाही आधी कोथिंबीरच दिसली होती. पण मृणालचं माहेर आहे बंगळुरूचं. तिचं सांबार म्हणजे आपण इडलीसोबत खातो ते, डाळीचं. सासूला ते आवडत नाही, एवढीच गोष्ट. मला ते कशावरून कळलं, तर लेखिकेनं लिहिलं आहे 'सांबार घातलं'. आपला हिरवा सांबार 'तो' असतो, हे 'ते' होतं. उज्मानं वर्षभर गच्चीवर बसून घसा कोरडा केला, आणि नेमक्या बारावीत वऱ्हाडी माणूसच करेल अशी चूक केली. नितेशच्या हे ध्यानात आलं की तो पुढच्या दहा डिसेंबरांत तिला सोडणार नाही, आणि आत चाचा बसले होते. मी देवाचं नाव घेतलं आणि गप्प बसले.

नितेश हसायला लागलाच. "सांबार? अवो मॅडम, त्या पुस्तकात सांबाराचा स नाही! कोनाकून गोठ ऐकून आली तू?"

"मी वाचली," उज्मा म्हणाली.

"काय वाचली? शेवटी ते त्याले जेवाले वाढते अन् निंघून जाते, बस. सांबार-बिंबार काई नाही तिथं. तू कोनाची तरी गोठ ऐकली अन् वरून आपल्या घरचा मसाला टाकला. अकरा वाचल्या, ते बी लय झालं. पन बारावी नाही वाचली तू. वडी मलेच फोडा लागन."

आतला आवाज पुरता थांबला. रहमतुल्ला चाचा दाराशी आले. हातात स्क्रूड्रायव्हर तसाच. त्यांनी नितेशकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला म्हणाले, "नहीं पढ़ी क्या बेटा?"

"पढ़ी है अब्बा."

ती एवढंच बोलली, आणि तिचा आवाज असा बारीक मी आमच्या खोलीतही कधी ऐकला नव्हता.

मंग मले राग आला. असा आला का मी नितेशले तिथंच उभा सोलला असता. मी तोंड उघडलं ते हे सांगायले का बाबा, चुकीचं वाचनं अन् न वाचनं यात फरक असते. अन् उघडल्याबरोबर बंद केलं. कारन मले दुसरंच दिसलं.

नितेश काय म्हणाला होता? हा सांबार तो सांबार नाही, असं तो म्हणाला नव्हता. पुस्तकात सांबार नाहीच, असं म्हणाला होता. गणित शिकवून माझे केस पिकले, एवढी वजाबाकी मला येते.

"उज्मा," मी म्हटलं, "पुस्तक काढ. वाच."

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. कोपरे दुमडलेले, हळदीचा डाग पडलेला. आधी सासूचं वाक्य काढलं, मग शेवटचं पान. आणि वाचायला लागली. बोट ठेवलं नाही, कुठं अडली नाही. जोडाक्षरं अशी गेली जशी तिच्या आजोळची आहेत. मृणाल ताट घेते, पाणी ठेवते, खिडकी लावते. "तिने भात वाढला. वरून सांबार घातलं. मग हात धुतले आणि दार ओढून घेतलं." पुस्तकावरून नजर न काढता तिनं शेवटचं वाक्य संपवलं. एसटीच्या पाटीपासून इथपर्यंत आली होती माझी मैत्रीण. चाचांनी तिला मराठी वाचताना पहिल्यांदाच समोरून ऐकलं असावं, कारण ते दाराच्या चौकटीला टेकले आणि त्यांना डोळे पुसायला खिशातला रुमाल सापडेना.

मी नितेशकडे वळले. "तू शेंदूरजन्याचा. तुही माय रोज वरनावर सांबार टाकते. हा शब्द आला तेव्हा तू थांबला नाही? एका वऱ्हाडी मानसानं हे पुस्तक वाचलं अन् सांबारापाशी त्याले ठेच नाही लागली, हे मी मानत नाही."

"मले लागली," चंद्रभानभाऊ म्हणाले. "मी त हिले इचारलं, की पुन्याचे लोकं भातावर कच्चा सांबार खातात काय?"

"मी म्हटलं, खात असतीन," आतून पार्बताबाई बोलल्या. "त्यायचं काय सांगता येते."

नितेशचे कान लाल झाले. तो चटईच्या काड्या मोजायला लागला. मग म्हणाला, "गाड्या भरू राहिलो होतो बाप्पा महिनाभर. झोप नाही, जेवन नाही. म्हटलं, हे एक राहू दे. दोन व्हिडिओ पायले." तो थांबला. "उज्मा, माफ कर. चाचा, तुमीही."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी म्हणणार होते. पण त्याचा चेहरा बघून गिळलं. वडीचा वास घरभर झाला होता, गोष्ट संपली, असं मला वाटलं.

पण नितेश व्यापारी आहे, माल हातात घेतला की तो उलटापालटा करून पाहतोच. त्यानं उज्माच्या हातातून पुस्तक घेतलं, शेवटचं पान वाचलं, मागची दोन पानं वाचली. मग कपाळाला आठी घालून, कुरापत काढायची म्हणून नाही, खरंच बुचकळ्यात पडून म्हणाला, "पन इथं 'घातलं' काहून लिवलं? अन् मांगच्या पानावर ते डाळ शिजत लावते. चिंच भिजवते. अवो, हे त इडलीवालं सांबार हाये."

उज्मानं माझ्याकडे पाहिलं. "हाव का, प्रणाली?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि तिच्याशी तर नाहीच. "हाव," मी म्हटलं.

तिनं पुस्तक परत घेतलं आणि ती पानं पुन्हा वाचली. या खेपेला मनातल्या मनात, ओठ हलवत. "मले वाटलं, पुन्याचे लोकं सांबारालेही 'ते' म्हनतात," ती म्हणाली. "चिंच, डाळ मले दिसली. मी म्हटलं, ते आमटी असन. भातावर आमटी, अन् आमटीवर सांबार." तिनं पुस्तक मिटलं. "म्हनजे मी भलतंच वाचलं. लिवनारीच्या मनात एक, अन् मी समजली दुसरंच. मंग बारावी नाही झाली माही. वडी नाही फोडत मी."

आणि पार्बताबाईंनी नुकतंच मधात आणून ठेवलेलं वड्यांचं ताट तिनं स्वतःच्या हातानं चंद्रभानभाऊंकडे सरकवलं.

मला रडू आलं. लपवून काय करू. तिला कोणी हो म्हणायला लावलं नव्हतं. नितेशची चोरी पकडली गेली होती, ती गप्प राहिली असती तर वडी तिचीच होती. वर्षभर जिच्यासाठी धडपडली ती चीज तिनं सरळ सरकवून दिली, कारण तिचं वाचन तिच्याच मनाला खरं वाटेना. अशी माणसं आमच्या गटात आहेत, हे मला त्या क्षणी अख्ख्या मूर्तिजापूरला ओरडून सांगावंसं वाटलं.

"अवो, असं नको करू," नितेश म्हणाला. "तुहा शेवट त्या पुस्तकापेक्षा बरा हाये." आणि तो मनापासून म्हणाला.

चंद्रभानभाऊ डोकं खाजवत होते. "रिवाजात 'वाचली पाहिजे' एवढंच हाये. 'बरोबर समजली पाहिजे' असं काई... नाही, पन ते बी पाहा लागन. उद्या कोनी काई बी समजन."

"तुमी कर्जतच्या त्या मठाच्या कादंबरीत खुनी कोन समजले होते?" मी म्हटलं.

"तो मुद्दा नाही," भाऊ म्हणाले.

तेव्हा दारातून चाचा पुढे आले. स्क्रूड्रायव्हर कुर्त्याच्या खिशात घातला, चटईच्या कडेला उकिडवे बसले. "एक इचारू का जी, चंद्रभानभाऊ? मले वाचता येत नाही, म्हनून इचारतो."

"इचारा न जी."

"त्या बाईनं पुस्तकात लिवलं काय हाये? शब्द कोनता?"

"सांबार," भाऊ म्हणाले.

"अन् माह्या पोरीनं वाचलं काय?"

भाऊंनी उज्माकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सांबार."

"मंग?" चाचा म्हणाले.

भाऊंनी कान पकडले. मी उत्तरपत्रिका तपासून पोट भरते, मीही याला पुरे मार्क दिले असते. लिहिलं होतं सांबार, वाचला सांबार. डाळीचा की हिरवा, ते ज्याच्या त्याच्या घरचं. त्या लेखिकेला ठाऊकही नसेल, की तिच्या पुस्तकाचा शेवट अकोल्याच्या एका गच्चीवर कोणीतरी इतका बरा करून ठेवला आहे.

पार्बताबाईंनी ताट उचललं आणि उज्मापुढे आणून ठेवलं. "फोड बाई," त्या म्हणाल्या. "थंड्या होऊन राहिल्या."

उज्मानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी नितेशकडे. नितेशनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. "माह्याकडे काय पाह्यतं? माह्या अकरा हाये," तो म्हणाला. तेव्हा कुठे ती हसली.

तिनं वडी फोडली. कुरकुरीत आवाज झाला आणि हिरवागार सांबार ताटात सांडला. अर्धी तिनं अब्बांच्या हातात दिली आणि अर्धी स्वतःच्या तोंडात घातली. मग आम्ही तुटून पडलो. नितेशला मी एक वडी हातात ठेवून सांगितलं, आता जेवण होईपर्यंत शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायचं. त्यानं वाचलं. 'सांबार घातलं' आलं तेव्हा आम्ही सगळे एका सुरात 'घातला' म्हणालो, आणि त्यानं मुकाट्यानं 'घातला' असं वाचलं.

चाचा मात्र खात नव्हते. त्यांना रुमाल सापडला होता. तो मांडीवर पसरून, त्यात ती अर्धी वडी मधोमध ठेवून, ते चारी टोकं नीट बांधत होते.

"खा न चाचा," मी म्हटलं. "घरी नेऊन मऊ पडन ते."

"पडू दे," चाचा गाठ आवळत म्हणाले. "अकोल्यात दाखवाची हाये."